डोंगर-धबधब्यांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी आपलाच डोंगर खोटा ठरवला आणि मराठी सिनेमा उभा राहिला

पावसाळ्यात पुण्याहून साताऱ्याकडं निघालं की कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ असं करत किकवी येतं. भोर तालुक्यातलं हायवेवरचं गाव. इथं चहाला थांबलेल्या माणसाची मान आपोआप पश्चिमेकडं वळते. तिकडं भोर आणि वेल्ह्याचे डोंगर आहेत. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात.

याच पट्ट्यातून आत भोरकडं वळून वरंध घाटापर्यंत गेलात, तर काळ्या कातळावरून कोसळणारे धबधबे भेटतात. मग मोबाईल बाहेर निघतो, रील बनते. नुसते हौशी लोकच येतात असं नाही. भोरचा राजवाडा आणि आसपासचा परिसर सिनेमावाल्यांची तर आवडती जागा आहे.

डोंगर हवा असेल तर कॅमेरा घेऊन डोंगराकडं जायचं. आज यात कुणाला नवल वाटत नाही.

पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मामला उलटा होता. तेव्हा डोंगर माणसांकडं यायचा. बांबूला गुंडाळून, दोरीनं बांधून, नाटक कंपनीच्या सामानाबरोबर गावोगाव फिरायचा. रात्री रंगमंचावर दोरी सैल सोडली की कापडाची गुंडाळी उलगडायची आणि त्यावर कडे, खडक, झाडी आणि धबधबा दिसायला लागायचा.

हे डोंगर रंगवण्यात ज्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं, अशी दोन चुलत भावंडं कोल्हापुरात होती. त्यातल्या धाकट्यानं पुढं एक अवघड गोष्ट केली. जो रंगवलेला डोंगर त्याला नाव आणि पैसा देत होता, तोच त्यानं बाजूला सारला.

त्या धाकट्याचं नाव बाबूराव कृष्णराव मिस्त्री. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो बाबूराव पेंटर म्हणून.

मिस्त्रींच्या घरातला पोरगा

३ जून १८९० रोजी कोल्हापुरात बाबूरावांचा जन्म झाला. घरात सुतारकाम आणि कोरीवकाम चालायचं. वडील कृष्णराव लाकडात काम करायचे तसेच हस्तिदंत आणि दगडातही करायचे. त्यामुळं बाबूरावांना चित्रकलेच्या शाळेत जावं लागलं नाही. पटाशी, रंधा, ब्रश ही सगळी हत्यारं घरातच हाताळायला मिळाली.

काळही तसाच होता. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात पैलवान, गवई, नट आणि चित्रकार यांना राजाश्रय मिळत होता. आबालाल रहिमान यांच्यासारखा मोठा निसर्गचित्रकार याच गावात रंकाळा आणि कोटितीर्थाच्या काठावर बसून पाणी, दगड आणि उजेड रंगवत होता.

बाबूरावांचे मोठे चुलत भाऊ आनंदराव. तेही तसेच हरहुन्नरी. दोघांनी मिळून नाटकांचे पडदे रंगवायला घेतले आणि साधारण १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतात या कामात त्यांचं नाव गाजलं. संगीत नाटक कंपन्या त्यांच्याकडून पडदे करून घ्यायच्या. गुजराती आणि पारशी रंगभूमीचं कामही त्यांच्याकडं यायचं. मिस्त्री हे आडनाव मागं पडलं आणि पेंटर हे नाव चिकटलं ते याच धंद्यामुळं.

पडद्यावर डोंगर उभा कसा राहायचा?

आज पडदा रंगवणं म्हटलं की सोपं वाटेल. पण रंगमंच झाकणारं भलंमोठं कापड आणि त्यावर डोंगर काढायचा, ही वेगळीच विद्या आहे.

आधी कापड ताणून त्यावर खळ चढवायची, म्हणजे रंग आत झिरपून फुटत नाही. मग सरसात कालवलेले भुकटीचे रंग. यात एक गोची असते. असा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो. म्हणजे रंगवणाऱ्याला समोर दिसतं त्यावर विश्वास ठेवून चालत नाही. उद्या सकाळी ते कसं दिसेल, याचा अंदाज हाताला असावा लागतो.

काम मागून पुढं यायचं. सगळ्यात आधी आभाळ, मग लांबचे डोंगर. लांबचे डोंगर फिके आणि निळसर ठेवायचे, कारण मधली हवा त्यांच्यावर पातळ पडदा धरते. जसजसं जवळ यावं तसतसे रंग गडद आणि उबदार होत जातात. किकवीहून दिसणारे डोंगर नीट पाहिले तरी हे कळतं. जवळची टेकडी हिरवी, तिच्या मागची निळी आणि त्याही मागची जवळजवळ आभाळाच्या रंगाची.

मग खडक. खडक रंगानं उठत नाही, उजेडानं उठतो. ऊन कुठून येतंय ते एकदा ठरवायचं. वरची बाजू उजळ, समोरची मध्यम आणि खालची काळोखी. या तीन छटा जागच्या जागी बसल्या की सपाट कापडावर दगडाला वजन येतं. एका खडकाची सावली चुकली तरी सगळा डोंगर पुठ्ठ्याचा वाटतो.

धबधबा शेवटी. नवशिका माणूस सगळं पाणी पांढरंफेक रंगवतो आणि मग कड्यावर धोतर वाळत घातल्यासारखं दिसतं. खरं पाणी पांढरं दिसतं ते फुटतं तिथं, म्हणजे वरच्या काठावर, मध्ये एखाद्या दगडाला आपटतं तिथं आणि खाली डोहात पडतं तिथं. बाकीच्या पाण्यातून मागचा कातळ थोडा दिसला पाहिजे. खाली तुषार उडतात तिथल्या खडकांच्या कडा पुसट ठेवायच्या.

आणि हे सगळं शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिव्याच्या उजेडात दिसलं पाहिजे. त्यामुळं जवळून पाहिलं तर नुसते फराटे आणि लांबून पाहिलं तर कडा, असा तो खेळ असतो.

या विद्येत ही भावंडं इतकी पुढं गेली की त्यांच्या हाताखाली शिकायला पोरं येऊ लागली. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल ही त्यातलीच दोन नावं. ही नावं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

हलणाऱ्या चित्रांचं वेड

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोन भावांच्या डोक्यात किडा शिरला.

ज्यांनी आयुष्यभर पाणी वाहत असल्याचा भास रंगवला, त्यांच्यासमोर पहिल्यांदाच चित्रातलं सगळं खरोखर हलत होतं. ते नुसते बघून गप्प बसणारे नव्हते. मुंबईच्या बाजारातून त्यांनी एक जुना प्रोजेक्टर आणला आणि सिनेमाचे खेळ सुरू केले. खेळ दाखवता दाखवता यंत्र उघडून आत काय चालतं तेही पाहिलं.

पण दाखवणं वेगळं आणि बनवणं वेगळं. बनवायला कॅमेरा पाहिजे. परदेशी कॅमेऱ्याला पैसा लागणार आणि तो तर नव्हता. मग ठरलं, कॅमेरा आपणच बनवायचा.

हे वाचायला भारी वाटतं, पण कॅमेऱ्याच्या आत काय करावं लागतं ते पाहा. फिल्मची पट्टी सरळ धावत नाही. ती एक चौकट पुढं सरकते, क्षणभर पूर्ण थांबते, तेवढ्यात झडप उघडून उजेड आत येतो, झडप मिटते आणि पट्टी पुन्हा पुढं सरकते. मूकपटांच्या काळात हे सेकंदाला साधारण १६ वेळा व्हायचं आणि तेही हातानं दांडा फिरवून. एखादा दात जरा जरी कमीजास्त झाला, तरी चित्र थरथरतं किंवा पट्टी फाटते.

हे काम चालू असतानाच घात झाला.

१९१६ साली आनंदराव गेले. थोरला भाऊ, कामातला जोडीदार आणि या सगळ्या वेडाचा अर्धा मालक. कॅमेरा अर्धवटच राहिला होता.

बाबूरावांनी तो सोडून पडद्यांच्या धंद्यात परत जायला हरकत नव्हती. नाव होतं आणि कामही होतं. पण त्यांनी दामल्यांना सोबत घेतलं आणि पुन्हा जुळवाजुळव सुरू केली. १९१८ साली कोल्हापुरात घरच्या कारागिरीनं बनवलेला कॅमेरा चालू झाला.

आता डोंगराचं काय करायचं?

कॅमेरा झाला, मग कंपनी उभी राहिली. महाराष्ट्र फिल्म कंपनी. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिलं आणि शाहू महाराजांचा पाठिंबा होताच. पुढं व्ही. शांताराम म्हणून गाजलेला तरुणही याच कंपनीत दाखल झाला.

आणि इथंच बाबूरावांसमोर खरा पेच उभा राहिला.

त्या काळातल्या सिनेमात देखावा म्हणजे नाटकाचाच पडदा असायचा. पुढं नट आणि मागं रंगवलेला राजवाडा किंवा रंगवलेलं जंगल. असे पडदे बाबूरावांइतके चांगले कोण रंगवणार? त्यांच्यासाठी हा हातचा मळ होता.

पण नाटकातला प्रेक्षक एकाच जागी बसतो, दिवा ठरलेल्या कोनातून पडतो आणि प्रेक्षक त्या खोट्याला राजीखुशीनं खरं मानतो. कॅमेरा असं काही मानत नाही. नटाची सावली रंगवलेल्या कड्यावर पडली, की कडा दगडाचा नसून कापडाचा आहे हे जगाला दिसतं. वारा आला की डोंगर हलतो.

दुसरा घोळ रंगांचा. त्या वेळची फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती आणि निळ्याला फार हळवी. त्यामुळं मेहनतीनं रंगवलेलं निळं आभाळ आणि लांबचे निळसर डोंगर फिल्मवर धुऊन जायचे, तर तांबूस खडक एकदम काळे पडायचे. पडदा रंगवणाऱ्याची निम्मी विद्या कॅमेऱ्यासमोर वाया जात होती.

उरल्या फक्त दोनच गोष्टी, उजेड आणि सावली. खडक ज्यानं उठतो, त्याच.

बाबूरावांनी मग सपाट पडदा हटवला. त्या जागी लाकूड वगैरे वापरून खरी लांबी, रुंदी आणि खोली असलेले देखावे उभारले, ज्यात नट फिरू शकेल आणि ज्यावर खरी सावली पडेल. मिस्त्रींच्या घरातलं सुतारकाम इथं कामाला आलं. प्रसंग चित्रित करण्याआधी ते कपडे, पात्रं आणि हालचाली कागदावर काढून बघायचे. म्हणजे चित्रकार संपला नव्हता, तो कॅमेऱ्याच्या अलीकडं येऊन बसला होता.

सैरंध्री, सिंहगड आणि सावकारी पाश

१९२० साली 'सैरंध्री' पुण्यात आर्यन थिएटरला लागला. विषय महाभारतातला, भीमानं केलेला कीचकाचा वध. याच विषयावरच्या खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर इंग्रज सरकारनं १९१० साली बंदी घातली होती. सिनेमातला वध इतका खराखुरा उतरला की सेन्सॉरनं त्यावर कात्री चालवली. ज्या काळी पडद्यावर बाईचं कामही पुरुष करायचे, त्या काळात यात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या स्त्रियांनी काम केलं होतं.

लोकमान्य टिळकांनी हा सिनेमा पाहिला आणि बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले.

मग १९२३ साली आला 'सिंहगड'. हरि नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरचा. शिवाजी महाराजांच्या भूमिकेत स्वतः बाबूराव आणि शेलारमामा झाले होते शांताराम.

पुण्याहून किकवीकडं येताना उजव्या हाताला जो सिंहगड मागं पडतो, त्याचीच ही गोष्ट. पण ती रात्रीची आहे. मावळे अंधारात कडा चढतात. मूकपट तर सगळा उन्हाच्या भरवशावर चालायचा. बाबूरावांनी या सिनेमात कृत्रिम प्रकाश वापरला आणि भारतीय सिनेमात तो वापरणाऱ्या अगदी सुरुवातीच्या लोकांत त्यांचं नाव लागलं. पडद्यावर उन्हाची बाजू ठरवून खडक उठवणारा माणूस आता दिव्याची बाजू ठरवत होता.

आपल्या सिनेमांच्या जाहिरातीही ते स्वतः रंगवायचे. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं त्यांनी केलेलं पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी सगळ्यात जुनं मानलं जातं.

१९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. नारायण हरि आपट्यांची कथा. यात देव नव्हते, राजे नव्हते आणि चमत्कारही नव्हते. सावकाराच्या कर्जापायी जमीन गमावून शहरात गिरणी कामगार झालेला शेतकरी होता. ती भूमिका शांतारामांनी केली. पौराणिक चमत्कारांची सवय लागलेल्या प्रेक्षकांनी त्याला फारशी साथ दिली नाही. आज मात्र भारतातल्या वास्तववादी सिनेमाची सुरुवात शोधताना अभ्यासक याच सिनेमापाशी येऊन थांबतात.

खोटा डोंगर नको म्हणणारा माणूस शेवटी खोटी गोष्टही नको म्हणण्यापर्यंत आला होता.

शिष्य निघून गेले

खरेपणाची किंमतही मोजावी लागली. बाबूराव कलाकार होते आणि मनासारखं होईपर्यंत काम हातावेगळं न करणारे होते. पण कंपनी चालवायला नुसती नजर पुरत नाही.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले. सीताराम कुलकर्णी यांच्या साथीनं त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. थोड्याच वर्षांत बाबूरावांची कंपनी थंडावली आणि प्रभात मात्र वाढत गेली. १९३१ला 'आलम आरा'नं भारतीय सिनेमाला वाचा दिली, १९३२ला प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि १९३३ला प्रभात पुण्याला गेली.

१९३६ साली दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' आला आणि व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यातला गाव, नदी, माणसं सगळं साधं आणि खरं वाटतं. ते दाखवणारे दोघेही कोल्हापूरच्या या पेंटरांकडं पडदे रंगवायला शिकलेले होते.

बाबूरावांनी बोलपटही केले. 'उषा', 'सावकारी पाश' पुन्हा बोलपटाच्या रूपात आणि 'प्रतिभा'. १९४७ साली शांतारामांच्या राजकमलसाठी 'लोकशाहीर रामजोशी' केला. एकेकाळचा शिष्य आता निर्माता होता. १९५२ चा 'विश्वामित्र' चालला नाही. अखेरच्या काळात ते पुन्हा ब्रश आणि छिन्नीकडं वळले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचं निधन झालं.

काय उरलं?

नाटकाचे पडदे टिकत नाहीत. गुंडाळून आणि उलगडून त्यांचा रंग झडतो, कापड फाटतं आणि नवीन नाटक आलं की जुन्यावरच नवीन रंगवलं जातं.

बाबूराव ज्या फिल्मच्या मागं लागले ती तर त्याहून नाजूक निघाली. त्या काळची नायट्रेट फिल्म ठिणगी पडली की भडकायची, नुसती ठेवली तर कुजायची आणि त्यातली चांदी काढण्यासाठी लोक रिळं भंगारात विकायचे. भारतात सुमारे १३०० मूकपट बनले, पण त्यातले पूर्ण किंवा तुकड्यांत उरलेले तीसच्या आत आहेत. चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झालं तेच १९६४ साली. तोवर फार उशीर झाला होता. बाबूरावांच्या मूकपटांपैकी 'मुरलीवाला'सारख्या एखाद-दुसऱ्या सिनेमाचा थोडा भाग तेवढा शिल्लक आहे. 'सैरंध्री' आज कुणी पाहू शकत नाही. मूळ 'सिंहगड' आणि पहिला 'सावकारी पाश' यांचंही तेच झालं.

म्हणजे कापडावरचा डोंगर गेला आणि फिल्मवरचाही गेला.

पण पाहण्याची एक सवय मागं राहिली. कात्रज ओलांडून एखादं शूटिंगचं युनिट भोरकडं निघतं, कडा आणि धबधबा दिसेल अशी जागा शोधतं आणि मग कॅमेरामन सगळ्यात आधी ऊन कुठून येतंय ते बघतो. ढग सरकून कातळावर उजेड पडेपर्यंत सगळे चहा पीत थांबून राहतात. कोल्हापूरच्या मिस्त्रींच्या पोरानं कापडावर पहिला खडक उठवला, तेव्हा त्यालाही आधी हेच ठरवावं लागलं होतं.